आधी पान, मग तान

चामराजपेटेतल्या आमच्या घरी सकाळ उजाडायची ती अण्णांच्या करपट ढेकराने. कोंबडा नंतर, मशिदीची बांग नंतर, दूधवाल्याची सायकल तर त्याहून नंतर. आधी पुढच्या खोलीतून एक लांबलचक ढेकर यायचा, पाठोपाठ 'हरी हरी' आणि मग आईचं ठरलेलं वाक्य, "पेटला बंब." अण्णा म्हणजे माझे वडील. आमच्यासारख्या ह्या कन्नड मुलखात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी घरांत बापाला अण्णा, मोठ्या बहिणीला अक्का आणि धाकट्या काकाला चिक्कप्पा म्हणायची रीत आहे. आमचे पूर्वज कधीतरी कुणाच्या तरी फौजेमागून इकडे आले आणि परत जायचं विसरले, एवढाच आमचा इतिहास. माझी पुण्याची सून म्हणते, "आई, तुमचं मराठी किती क्यूट आहे!" असू दे क्यूट. ह्याच मराठीत मी आख्खा बँड सांभाळलाय.

आमचा लग्नाचा बँड होता. अण्णा क्लॅरोनेट वाजवायचे आणि सगळ्यांच्या पुढे चालायचे, चिक्कप्पा ट्रंपेटवर त्यांच्या उजव्या हाताला, आणि मागे ढोल, झांजा, मोठं पितळी भोंगं असा सगळा लवाजमा. घर लहान आणि वाद्यं मोठी, त्यामुळे तांदळाच्या डब्यावर ट्रंपेट आणि देवघराखाली ढोल. मी दोरीवर कपडे वाळत घालायची तिथेच लाल कोट लटकायचे. अण्णा उठले की तोंड खंगाळून थेट स्वयंपाकघरात यायचे आणि रिकाम्या पोटी पितळी लोटाभर कॉफी घशाखाली घालायचे. कडक डिकॉक्शन, नावाला दूध. ती पोटात गेली की छातीवर तळहात चोळत म्हणायचे, "आता बरं वाटलं." पाच मिनिटांत पुन्हा ढेकर. आम्हाला वाटायचं, बापमाणसाला असे ढेकर येतातच, जशा मिश्या येतात.

आता आमच्या घरचा जो नियम होता तो सांगते, कारण सगळं रामायण त्यावरच झालं. माझ्या आजोबांनी बँड सुरू केला तेव्हा लग्नघरात वाजवणाऱ्यांना जेवायला सगळ्यात शेवटी बसवत. बसवत तरी कुठे? मागच्या दाराशी, भांडी घासायच्या जागेजवळ. भात गार, सारात नुसतं पाणी, आणि पक्वान्न संपलेलं. उपाशीपोटी वरातभर फुंकायचं आणि मग ते खायचं. एका लग्नात आजोबांनी क्लॅरोनेट पेटीत ठेवलं आणि छत्राच्या, म्हणजे आमच्याकडच्या मंगल कार्यालयाच्या, पायरीवर बसून राहिले. वरात खोळंबली. यजमान धावत आले तर आजोबा म्हणाले, "आधी पान, मग तान." पहिल्या पंगतीत, पाहुण्यांच्या रांगेत, केळीच्या पानावर वाढा, तरच वाजवतो. वाढलं त्यांनी, न वाढून सांगतात कुणाला! तेव्हापासून आमचा बँड पहिल्या पंगतीला बसायला लागला. बाकीचे बँडवाले आमच्याकडे बघून तसंच मागायला लागले, आणि 'आधी पान, मग तान' हे आमच्या घरात वेदवाक्य झालं.

आजोबांनी भूक जिंकली हो, पण अण्णांनी त्या जिंकण्याचा पार विचका केला. पहिल्या पंगतीत बसायचं म्हणजे चापून खायचंच, नाहीतर यजमानाचा अपमान आणि वर आजोबांचाही, असं त्यांनी मनाशी घेतलं होतं. कोसंबरी, पल्या, सार, चित्रान्न, वडे, आणि शेवटी तूप ओतलेली होळिगे, म्हणजे आपली पुरणपोळी. वाढपी आग्रह करणार, आणि अण्णा एकदाही हात आडवा धरणार नाहीत. मग चिक्कप्पा छत्रामागे सतरंजी अंथरायचा आणि अण्णा तिच्यावर आडवे. "अर्धा तास पाठ टेकली की दम भरतो," असं त्यांचं शास्त्र. उठले की लाल कोट, त्यावर पितळी बक्कलचा रुंद पट्टा, आणि तो पट्टा चिक्कप्पा मागून गुडघा लावून आवळायचा, कारण पुढे चालणारा माणूस ताठ दिसला पाहिजे. निघताना वर एक लिंबू-मीठ घातलेला गोळी सोडा. फस्सकन ढेकर आला की अण्णा म्हणायचे, "चला, रस्ता मोकळा झाला." आणि अशा ठासून भरलेल्या, आडव्या पडून उठलेल्या, आवळून बांधलेल्या पोटाने तो माणूस पुढचे दोन तास फुंकायचा. आज आठवलं की माझीच छाती जळते.

वरातीत एक जागा अशी यायची की तिथे सगळं अण्णांवर असायचं. दुपारी मुलगी सासरी निघते, उंबऱ्याशी थबकते. तेव्हा ढोल बंद, झांजा बंद, आणि अण्णांच्या क्लॅरोनेटवर एकच सूर वर चढत जायचा आणि मुलीचं पाऊल बाहेर पडेपर्यंत तिथेच थांबायचा. मुलगी रडत असेल, आईच्या गळ्यात पडली असेल, कितीही वेळ लागो, सूर तुटायचा नाही. लोक आमच्या बँडला बोलवायचे ते त्या एका सुरासाठी. तो सूर तुटला तर अपशकुन, असं कुणी कधी म्हणालं नव्हतं, कारण तो कधी तुटलाच नव्हता.

तो तुटला येलहंकाला. तेव्हा येलहंका म्हणजे गावाबाहेरचं गाव. मी लग्नाला नव्हते, पण चिक्कप्पाने इतक्यांदा सांगितलंय की मी तिथेच होते असं वाटतं. मुलगी उंबऱ्याशी आली, अण्णांनी सूर लावला, चढवला, आणि एकदम तोंडातून क्लॅरोनेट काढून ते छाती धरून वाकले. तोंड लालबुंद, डोळ्यांत पाणी. चिक्कप्पाने प्रसंग ओळखून ट्रंपेट वाजवलं, पण ट्रंपेटने मुलगी निरोप घेते होय? नवरीची आत्या मोठ्याने म्हणाली, "अय्यो, हे काय विपरीत!" अण्णांना तसंच गाडीत घालून दवाखान्यात नेलं. निरोप आला तेव्हा आई पीठ मळत होती. त्याच हातांनी ती रिक्षात बसली. कोपरापर्यंत कणीक, आणि ओठांत देवाचं नाव. मी तिच्या शेजारी बसले होते आणि माझ्या मनात एकच होतं, अण्णा मरायचे नाहीत. मी त्यांना मरू देणार नाही.

दवाखान्यात छातीला तारा लावून, रक्त काढून सगळं तपासलं. हृदय ठणठणीत निघालं. तिथल्या डॉक्टरीणबाई ठेंगण्याठुसक्या, कन्नड बोलणाऱ्या, आणि तोंडाने माझ्यासारख्याच फटकळ. त्यांनी अण्णांना सकाळपासून काय काय खाल्लं ते विचारलं. अण्णा सांगत गेले. होळिगेपर्यंत आले तेव्हा बाईंनी पेन खाली ठेवलं. "आणि ह्यावर तुम्ही झोपलात? मग पट्टा आवळलात? मग सोडा प्यायलात? मग फुंकलंत?" अण्णा प्रत्येक प्रश्नाला मान डोलवत होते. बाई म्हणाल्या, "पोटातलं आम्ल वर घशाशी येतंय. जागा तुम्हीच करून देताय त्याला, त्याचा काय दोष?" मग त्यांनी आईकडे न बघता माझ्याकडे बघून सांगितलं. बहुतेक माझ्या तोंडावरून त्यांना कळलं असावं की ह्या घरात पोलीस कोण आहे. जेवण थोडं थोडं, आणि सावकाश. जेवल्यावर दोन-तीन तास आडवं व्हायचं नाही. रात्रीचं जेवण लवकर. पोटावर काही आवळायचं नाही. झोपताना डोक्याकडची बाजू उंच. रिकाम्या पोटी कॉफी बंद, सोडा बंद, तळण-तूप बेताने. थोडे दिवस गोळ्या. "आणि छातीत पुन्हा असं दुखलं तर पित्त म्हणून घरी बसू नका, आधी इथे या," असंही बजावलं. हे शेवटचं मी आजही सगळ्यांना सांगते.

घरी आल्यावर मी जी सुरुवात केली ती केलीच. बाहेरच्या बांधकामावरून चार विटा मागून आणल्या आणि अण्णांच्या खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली घातल्या. अण्णा म्हणाले, "सुशे, अगं मी घसरत घसरत होसूर रोडला पोचेन." मी म्हटलं, "पोचा, पण झोपून उठल्यावर पोचा." कॉफी नाश्त्यानंतर, अर्धा पेला. सोड्याच्या दुकानदाराला मी स्वतः जाऊन सांगून आले की आमच्या अण्णांना बाटली दिलीत तर मी दारात उभी राहून ओरडेन. दिवेलागणीला जेवण, आणि जेवल्यावर आई त्यांना रथाच्या रस्त्याने देवळापर्यंत चालवत न्यायची. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण ती दोघं अशी नुसती चालायला पहिल्यांदाच बाहेर पडत होती. आईच्या केसांत मोगरा दिसायला लागला. महिन्याभरात सकाळचा ढेकर गेला. पहिल्या दिवशी आई घाबरून पुढच्या खोलीत धावली होती, कारण बंब पेटला नव्हता.

राहिला पट्टा. मी तेव्हा शिवण शिकत होते. अण्णांच्या कोटाच्या दोन्ही बाजू उसवून आत कापड घातलं, आणि पट्टा मधोमध कापून त्याची दोन टोकं कोटालाच शिवून टाकली. समोरून बक्कल चमचमीत, आत पोट मोकळं. चिक्कप्पाने सवयीने गुडघा लावायला पाय उचलला तर आवळायला मागे काहीच नाही. तो माझ्याकडे बघतच राहिला. "ही पोरगी उद्या पंतप्रधान होईल," म्हणाला.

पण पंगतीचं काय? तिथे मात्र अण्णा हटून बसले. "घरात तू म्हणशील ते, सुशे. पण पंगतीत पानावर हात आडवा धरायचा नाही मी. माझ्या बापाने पायरीवर बसून मिळवलेलं पान आहे ते." मी म्हटलं, मग वरात झाल्यावर जेवा. त्यावर ते असे उसळले, की तसे कधी उसळले नव्हते. "शेवटी? भांड्यांपाशी? पुन्हा तिथेच जाऊ?" त्यांचं चुकत नव्हतं. जळजळ थांबवायला मान सोडायचा, असं कुणाच्या बापाला कसं सांगायचं?

इकडे पेठेत बोलणं पसरलं होतं. क्लॅरोनेटवाल्याचा दम संपला. दोन ठरलेली लग्नं दुसऱ्या बँडकडे गेली. चिक्कप्पा हळूच म्हणाला, "अण्णा, थोडे दिवस मी पुढे चालतो, तू मागून वाजव." तो वाईट मनाने म्हणाला नव्हता, पण अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. तेवढ्यात तुपाचे व्यापारी असलेले आमच्या गल्लीतले एक गौडर आले. त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न. म्हणाले, "तिच्या आईला निरोप दिला तोही अण्णांच्या सुरावर, माझ्या लग्नात. मुलीलाही तोच सूर पाहिजे. पुढे अण्णाच." अण्णांनी हो म्हटलं. ते गेल्यावर क्लॅरोनेट पुसत म्हणाले, "ह्या वेळी तुटला तर पेटी बंद. मग पुढे नाही न् मागे नाही." आई आतून ऐकत होती. तिने देवापुढे आणखी एक वात लावली.

लग्नाच्या दिवशी मी बँडबरोबर गेले. निमित्त कोटाची शिवण उसवली तर म्हणून, पण खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. पहिली पंगत बसली. अण्णा पहिल्या पानावर, शेजारी चिक्कप्पा. मी खांबाला टेकून उभी होते आणि अण्णांचं पान सोडून मला काही दिसत नव्हतं. त्यांनी पानाभोवती पाणी फिरवलं. थोडा भात, वरण, काकडीची कोसंबरी खाल्ली. सावकाश, घास चावत, माझ्याकडे एकदाही न बघता. वाढप्याला वड्याला नको म्हणाले तेव्हाच चिक्कप्पाने कोपर मारलं. मग खुद्द गौडर आले. एका हातात होळिगेचं ताट, दुसऱ्या हातात तुपाचं भांडं, त्यांच्याच दुकानातलं तूप. आणि अण्णांनी पानावर हात आडवा धरला.

"साकु, स्वामी. बस झालं."

गौडरांचा चेहरा उतरला. "काय कमी पडलं, अण्णा? तुमच्या वडिलांना माझ्या वडिलांनी स्वतःच्या हातांनी वाढलं होतं. आणि तुम्ही उपाशी उठणार?"

"कमी काही नाही," अण्णा म्हणाले. हात पानावरून हलला नाही. "पहिल्या पंगतीत पान मिळालं, मान मिळाला. माझ्या बापाने मागितलं ते एवढंच. पोट फुटेस्तोवर खायला त्याने कधी सांगितलं नव्हतं, ते माझं मीच लावून घेतलं. आता मला फुंकायचंय. तुमच्या लेकीला घरी पोचवून येतो. मग हेच पान मांडा, मी पोटभर जेवतो."

गौडर ताट घेऊन पुढे गेले. मला वाटलं, संपलं. रागावले. आता वरातीनंतर कोण पान मांडतंय? लग्नघरात मुलगी गेली की सगळे हातपाय गाळून बसतात, आचारी चूल विझवतो, आणि उरतं ते भांड्यांपाशी. चिक्कप्पाच्या डोळ्यांतही तेच होतं. त्याने तरीही छत्रामागे सतरंजी अंथरली. अण्णा तिच्याकडे बघून हसले आणि उभ्याउभ्याच क्लॅरोनेटची जीभ, म्हणजे फुंकायची वेताची पट्टी, ओली करत राहिले. सोडेवाला समोरून गेला. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो पलीकडच्या फुटपाथवर गेला.

आणि मुलगी निघाली. उंबऱ्याशी आली. ढोल थांबला, झांजा थांबल्या. अण्णांनी सूर लावला. तो वर गेला, आणखी वर गेला, आणि थांबला. मुलीने बापाच्या गळ्याला मिठी मारली ती सोडेचना. गौडर एवढे दांडगे गृहस्थ, पण लहान मुलासारखे हुंदके देत होते. सूर तसाच. मी अण्णांच्या गळ्याकडे बघत होते, छातीकडे बघत होते, हात वर जातो का बघत होते. बायका पदर डोळ्यांना लावून उभ्या होत्या आणि सूर तसाच, सरळ, जराही न हलता. अखेर मुलीचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं, आणि मग अण्णांनी तो सूर अलगद खाली आणला, आणि ढोल वाजला. मी तिथेच मटकन खाली बसले आणि रडले. लोकांना वाटलं मुलीची मैत्रीण असेल.

वरात पोचवून आम्ही परतलो तेव्हा छत्रात झाडलोट चालली होती. मंडप अर्धा सुटला होता. मागच्या बाजूने भांड्यांचा आवाज येत होता आणि तो ऐकून अण्णा दारातच थबकले. मी पुढे झाले, भांडायच्या तयारीने. आणि बघते तर मधल्या दालनात एक पंगत मांडलेली. नवी पानं, पाण्याचे पेले, आणि अण्णांच्या जागेसमोर रांगोळी. आचाऱ्याने चूल विझवली नव्हती. पहिल्या पानाशेजारच्या पाटावर गौडर बसले होते, डोळे सुजलेले.

"बन्नी अण्णा, या," ते म्हणाले. "सकाळपासून मी जेवलेलो नाही. लेक जायची होती, घास उतरत नव्हता. तुम्ही येतो म्हणालात म्हणून थांबलो. मुलीचा बाप आणि तिला पोचवणारा, दोघं एकदम जेवू."

अण्णा बसले. सावकाश जेवले, गप्पा मारत, पाठ ताठ ठेवून. होळिगे आली तेव्हा म्हणाले, "स्वल्प," आणि अर्धी घेतली. गौडरांनी आग्रह केला नाही. पुढे आमच्या पेठेत तशी रीतच पडली. पहिल्या पंगतीत बँडला थोडं, आणि वरातीनंतर यजमानाच्या शेजारी पोटभर. माझी सून लॅपटॉपसमोर बसून अकरा वाजता पिझ्झा खाते आणि गुलाबी औषधाची बाटली तोंडाला लावते, तेव्हा मी तिला हीच गोष्ट सांगते. ती म्हणते, "आई, इतकं लाइफस्टाइल चेंज कुणाला जमतं?" मी म्हणते, माझ्या बापाला जमलं, आणि त्याला तर शंभर लोकांसमोर होळिगेला नको म्हणायचं होतं.

त्या दिवशी चिक्कप्पा सवयीने सतरंजी पसरायला लागला तर अण्णा म्हणाले, "गुंडाळ ती. चालत जाऊ घरी." ऊन उतरलं होतं. अण्णा पुढे, काखेत क्लॅरोनेटची पेटी, खोट्या पट्ट्याचं बक्कल चमकतंय, आणि मागे आम्ही सगळे. बाजाराच्या कोपऱ्यावर, घर दिसायला लागलं तेव्हा, अण्णांना ढेकर आला. आम्ही सगळे जागच्या जागी उभे राहिलो. चिक्कप्पाने ट्रंपेट घट्ट धरलं. आई घराच्या पायरीवरून आमच्याकडे बघत होती, तिनेही हातातलं सूप खाली ठेवलं. अण्णांनी डोळे मिटले, तोंडातल्या तोंडात जीभ फिरवली, आणि चव ओळखल्यासारखी मान हलवली.

"होळिगे," ते म्हणाले. "नुसती होळिगे."